चांगुणाचा फ्रीज आन आक्काबाईचं पानी

आमची चांगुणाआत्या गेली. मे महिना संपत आला हुता, सुप्याच्या रोडवर डांबर पाघळत हुतं, तसल्या उन्हात तिला नेली. पेपरात तिचं नाव येनार न्हाई. तिनं आयुष्यभर काय केलं म्हनाल, तर एका बाईनं आपल्या घरचं तांब्याभर पानी प्यावं म्हनून वाट बघितली. एवढंच. म्हनून हितं सांगायचं, येईल तसं.

ती बाई म्हंजी आक्काबाई. वरच्या आळीची, बागायतदाराच्या घरची. आत्या खालच्या आमच्या वस्तीतली. आता तिला बौद्धवाडा म्हनत्यात, तवा काय म्हनायचे ते सांगायला नको. दोघी एका वयाच्या. दोघी मिळून शेळ्या राखायच्या, एका बोरीची बोरं खायच्या. बोराला कसला आलाय इटाळ, ते झाडाचं. पर तहान लागली की दोघींची वाट फुटायची. गावच्या आडावर आत्याला चढू देत नव्हते. तिनं खाली उभं राहायचं, ओंजळ तोंडाला लावायची, आन वरनं कोनी पोहऱ्यातनं सोडंल तेवढं प्यायचं. लई येळा सोडनारी आक्काबाईच असायची. मुद्दाम जोरात सोडायची, नाकातोंडात जायचं, मंग दोघी बी खिदळायच्या. पोरीच त्या. पानी वरनं खालीच येतंय, खालनं वर कदी जात न्हाई, ह्याचं त्या वयात काय वाटत न्हाई.

आपल्या लोकांनी धम्म घेतला त्याच्या दोनतीन वर्सांनंतरची गोष्ट. आत्याचा मामा, सहादेव त्याचं नाव, नगरला एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर माळी हुता. साहेब हितल्या शेतकऱ्यांला कोंबड्या पाळायचं शिकवायला आल्ता. मडमला तान्हं पोर. ते खेळवायला मामानं भाचीला नेलं.

पयल्याच दिवशी आत्या पोराला कडंवर घिऊन स्वैपाकघराच्या दारात उभी. घसा कोरडा पडला. तिनं सवयीनं ओंजळ धरली, की आता कोन तरी वरनं वतंल. मडमला काय कळंना. ती म्हनली, "हे काय करते तू?"

"पानी पायजे."

मडमनं कोपऱ्यातलं एक पांढरं कपाट दावलं. लाइट सांजंपुरतीच यायची, म्हनून त्याच्या बुडाशी रॉकेलची बत्ती जळायची आन आत बर्फ व्हायचा. खाली जाळ आन वर बर्फ, आत्या म्हनायची, असली करनी आमी जन्मात बघितली नव्हती. मडम म्हनली, "तू उघड. तू हात लाव. तू घे."

"मी?"

"तू. मला दोन हात आहेत, तुला पण दोन हात आहेत."

आत्यानं दार वढलं. थंड हवा तोंडावर आली. आतली काचंची बाटली तिनं हातात घेतली, आन कुनाला न इचारता, उभ्यानं, पानी प्याली. म्हातारपनी सांगताना बी तिचा हात बाटली धरल्यावानी व्हायचा. म्हनायची, "पोरी, ते पानी गार हुतं म्हनून गोड न्हाई लागलं. माझ्या हातानं घेतलं म्हनून लागलं."

तिथं तिला अमेरिका दिसली. खरी न्हाई, चादरीवरची. साहेबाकडं एक मशीन हुतं, भिताडावर चादर बांधून त्यात फोटू दाखवायचं. एका सांजेला मडमनं समद्या नोकरमानसांला वसरीत बसवलं आन तिच्या भनीचं घर दाखवलं. मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. मोठी लढाई संपली, सोजीर घरी आले, कारखान्यांला कामच काम, मंग गावाभाईर घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. समदी घरं एका साच्यातल्या इटांवानी. दारात मोटार, तिला मागं माशासारखे पर. घरात बोलनाऱ्या चित्रांचं खोकं. कपडे धुवायला मशीन. बाप्यामानूस कमरंला फडकं बांधून अंगनात कोंबडी भाजतोय, त्याचा बी फोटू. लई हसले समदे.

एका फोटूत भनीचा नवरा घरापुढचं गवत कापत हुता. सहादेवमामानं इचारलं, "गुरं किती हायती त्यांच्याकडं?"

"गुरं नाहीत."

"मंग गवत?"

"ते शोभेला. वाढवतात आणि कापतात."

मामा म्हनला, "वाढवायचं, कापायचं, आन कुनाला खाऊ न्हाई घालायचं. मडम, ह्यो देश लई श्रीमंत हाय."

मंग स्वैपाकघराचा फोटू आला. दारायवढा उंच फ्रीज, दुधासारखा पांढरा, आन मडमची बारकी भाची त्याचं दार उघडून टाचा उचलून उभी. कुनाला इचारायचं न्हाई, पायजे ते घ्यायचं. आत्याचा जीव त्या फोटूत आडकला. ती बघत राहिली, म्हनून तिला फोटूच्या कडंला दुसरं कोन तरी दिसलं. मागच्या दाराशी एक काळी बाई, हातात इस्तरीच्या कपड्यांची पाटी, निम्मी घरात निम्मी भाईर.

"मडम, ही कोन?"

"ती कामाला येते."

"ती फ्रीजातलं पानी पिती का?"

मडम मशीनकडं वळली. मशीनचा पंखा तेवढा घरघरत हुता. मंग हळू आवाजात म्हनली, "तिचा... तिचा वेगळा ग्लास आहे." आन खटकन फोटू बदलला. फुडं समुद्र आला.

आत्या शिकलेली नव्हती, पर हे समजायला शाळा लागत न्हाई. आक्काबाईच्या गोठ्यात भिताडाला एक देवळी, म्हंजी कोनाडा, हुता, त्यात कानतुटका कप पालथा असायचा. आत्याच्या आईला च्या त्यातच. तिनंच तो धुवायचा, तिनंच परत पालथा घालायचा. आत्या मनात म्हनली, म्हंजी देवळी तिकडं बी हाय. येवढा पैशाचा पूर आला, दारात मोटार आली, पर देवळी बुजली न्हाई.

दुसऱ्या दिवशी मडम आपून हून म्हनली, "माझ्या घरात तसं नाही. तू उघडते ना?" आत्या म्हनली, "व्हय." मडम वाईट नव्हती. पर आत्या सांगायची, सातासमुद्रापल्याड यिऊन परक्याच्या गावची शिवाशिव मोडायला सोपं जातंय, आपल्या सख्ख्या भनीच्या घरात तोंड उघडत न्हाई. ह्या फोटूची गोष्ट तिनं घरच्यांबिगर कुनाला सांगितली न्हाई. आक्काबाईला तर न्हाईच. ती लगेच म्हनली असती, बघ, अमेरिकेत बी तसंच हाय, मंग आमचं काय चुकलं?

साहेबाची बदली झाली. जाताना मडमनं आत्याला एका मासिकातलं पान फाडून दिलं, तसल्याच फ्रीजचं रंगीत चित्र. फ्रीज मातर नगरातल्या कुन्या वकिलानं नेला. आत्या चित्र घिऊन गावाकडं आली आन शेळ्यांमागं आक्काबाईला फ्रीजचं समदं सांगत सुटली.

आक्काबाई हसून लोळायची बाकी. "कपाटात पानी गार हुतंय? आन तू उघडायचीस? थाप मार पर सोसंल येवढी मार गं चांगुने!"

"आईच्यान खरं. एक दिस माझ्या घरात आसंल तसला."

"तुझ्या घरात? तुझ्या घराला धड दार न्हाई, त्या कपाटाला कुठनं आनशील?" हसता हसता आक्काबाईनं पदरानं डोळे पुसले. "बरं, तुझ्या घरी आला की मी यिऊन पानी पिईन. जा, दिला शबूद."

आता हे कसं बोललं जातं ते समद्यांला ठावं हाय. बाभळीला आंबे लागतील तवा रस खाईन, तसलं ते बोलनं. पर आत्यानं ते पदराला गाठ मारून ठिवलं. तिची चूक म्हना, खुळेपना म्हना, हितंच झाली. टोमन्याला तिनं शबूद समजलं.

दोघी गावातल्या गावातच दिल्या. आत्याचा नवरा रंगनाथमामा, आत्याच्या आतंचा ल्योक, घरजावई हुऊन आला. लगीन झाल्यावर आत्याच्या आईनं तिला बजावलं, आता आक्के म्हनायचं न्हाई, आक्काबाई म्हनायचं, आन तुमी म्हनायचं. आत्या तुमी म्हनायला लागली. आक्काबाई चांगुनेच म्हनत राहिली. आत्या तिच्याच रानात खुरपायला जायची, तिच्या बाळंतपनात तिच्या पोराला तेल लावायची. आबासाहेब म्हंजी तिचा ल्योक, तो आत्याच्या मांडीवर वाढला. मांडी चालायची. च्या मातर तिच्या सासरी बी गोठ्यातच, देवळीतल्या कपात. ते अमेरिकेचं चित्र आत्यानं काच लावून भिताडावर अडकवलं हुतं, बुद्धाच्या आन बाबासाहेबांच्या फोटूच्या खाली. रंगनाथमामा चेष्टा करायचा, "ही तिसरी मूर्ती कोन्च्या देवाची गं?" मामा बी गेला, चित्राचा रंग बी गेला. फ्रीज काय आला न्हाई.

तो आनला प्रवीणनं, आत्याच्या लेकानं. सुप्याला एमआयडीसी झाली, तिथल्या एका कारखान्यात फ्रीज बनायचे आन प्रवीण तिथं लागला. दाराला पोचा पडलेला एक फ्रीज दुकानात जात नव्हता, तो कामगारांच्या वाट्याला आला. टेम्पोतनं उतरवला तवा आत्या दारात उभी राहून रडली. प्रवीण म्हनला, "आई, पोचा हाय गं थोडा, रडती कशाला?" तिनं त्या पोच्यावर हात फिरवला आन म्हनली, "आसू दे. मला बी हाय."

संध्याकाळी ती आक्काबाईला बोलवायला गेली. आक्काबाई आली. आली हे खोटं न्हाई बोलायचं. खालच्या वस्तीत पाय टाकला, घरात येऊन फ्रीज बघितला, दार उघडून बघितलं, "बया, लाइट बी लागतीया!" म्हनली. आत्यानं गार पान्याचा तांब्या फुडं धरला.

आक्काबाई म्हनली, "आज एकादस हाय गं चांगुने."

"पान्याला कसली एकादस?"

"माझी निरंकार आसती."

बरं. फुडं दाढ ठनकायला लागली, गार सोसंना. मंग दाढा काढल्या, तर म्हनं कवळीला गार चालत न्हाई. मंग खोकला. मंग कुन्या डाक्टरनं गार पानी बंद केलं, आन त्याच सांजेला यात्रंत आक्काबाई बर्फाचा गोळा चोखताना आत्याला दिसली. दोघींची नजरानजर झाली. आक्काबाईनं गोळा पाठीमागं लपवला, लाल पानी लुगड्यावर गळत हुतं. आत्यानं तोंड फिरवलं. चोरी आक्काबाईनं केली आन मान आत्याची खाली गेली.

आक्काबाईच्या घरी बी फ्रीज आला, आमच्यापेक्षा मोठा, दोन दारांचा. गोठा पाडून बंगला झाला, देवळी गेली. आत्याला वाटलं, आता तरी. मंग कागदी कप आले. काय येळेला आले बघा. कुनाला येगळं काढायला नको, कुनाचं धुवायला नको, समद्यांला कागदी, प्या आन फेका. आक्काबाईच्या घरची मोठी अडचन मिटली. पर आत्या बघायची की पावन्यांला कपबशी निघती आन आपुन गेलो की कागदी पुडा फुटतो. वृषाली, प्रवीणची बायकू, चिडायची. "आई, तुमी जातायच कशाला तिकडं? लाज न्हाई वाटत?"

आत्या म्हनायची, "तिनं शबूद दिलाय."

"तुमी शेळ्या राखत हुता तवा! ती इसरून गेली."

"ती इसरली आसंल तर मंग इतकी कारनं कशाला देती? कारनं देती म्हंजी ध्यानात हाय."



ह्या उन्हाळ्यात गावठानची डीपी जळाली, म्हंजी तो लाइटचा मोठा डबा. वरची आळी अंधारात. वायरमन आज येतो उद्या येतो करत राहिला. प्रवीणनं घर बांधलं ते रोडच्या कडंला, त्याची लाइन दुसरी, तिथं लाइट हुती. आक्काबाईला साखर, रोजची इन्सुलिनची सुई. उन्हात औषध खराब हुतंय. तवा आबासाहेब औषधाचा डबा घिऊन दारात आला. "मावशी, आईचं औषध तुमच्या फ्रीजात ठिवता का?"

आत्या म्हनली, "इचारतो काय? ठिव." तिनं दुधाचं भगुनं बाजूला सारून जागा केली.

मंग रोज सकाळी आक्काबाई काठी टेकत यायची, पलंगावर बसायची, आन वृषाली तिला सुई द्यायची. वृषालीला ते येत हुतं, आपल्या बापाला द्यायची ती. लुगडं सारून पोटाला सुई. एक दिवस वृषाली सुई काढत हुती तवा आत्या समोर बसून बघत हुती, आन इतक्या वर्सांनी पयल्यांदा तिच्या तोंडातनं आलं, "आक्के."

आक्काबाईनं वर बघितलं.

"माझ्या फ्रीजातलं औषध तुझ्या पोटात जातंय ना गं?"

"जातंय की. तुझे उपकार हायेत बाई."

"उपकार ऱ्हाऊ दे. माझ्या सुनंचा हात बी लागतोय. मंग पानीच काय घशात आडकंल?"

आक्काबाई लुगडं नीट करत बसली. मंग म्हनली, "औषधाला काय नसतंय चांगुने."

"आन पान्याला आसतंय?"

"आता ह्या वयात कशाला काढती? सून हाय, सोयरीकी हायत्या. नातीचं जमवायचं चाललंय. मला काय वाटतंय म्हनून का ते?"

"तुला काय वाटतंय, ते सांग ना एकदा."

आक्काबाईनं काठी घेतली. दारात थांबून म्हनली, "नातीचं जमू दे, पिईन," आन गेली. शेळ्यांमागच्या त्या शबदानंतर साठपासष्ट वर्सांत "पिईन" हे तिच्या तोंडातनं पयल्यांदा आलं.

त्या दिवसापून आत्या एक तांब्या भरून फ्रीजात ठिवायला लागली. येगळा न्हाई, घरातला रोजचाच. रोज पानी बदलायची. वृषालीला म्हनायची, "मी नसले तरी भरायचा. कवा तोंडातनं निघंल सांगता येत न्हाई, तवा गार पायजे." तिचं काळीज तवाच बसत चाललं हुतं, पायाला सूज हुती. दवाखान्यात चल म्हनलं तर, "आक्काबाईची सुई हुऊ दे मंग" म्हनायची.

एका पहाटं ती झोपेतच गेली. वृषाली उठवायला गेली तवा अंग गार लागलं.

बाहेरच्या खोलीत तिला ठिवली, फ्रीजाच्याच समोर, दुसरीकडं जागा नव्हती. बायका जमल्या, बुद्धवंदना झाली. आन रोजच्या येळंला आक्काबाई काठी टेकत आली, मागनं आबासाहेब. तिला वाटंतच कळलं हुतं. ती दारातच मटकन बसली आन हंबरडा फोडला. "माझी जोडीदारीन गेली गं! चांगुने, मला सोडून कशी गं गेली!" ते रडू खरं हुतं. कोनी नकली म्हनू न्हाई. खरं हुतं म्हनूनच जास्त जाळतंय.

नेताना मयताच्या तोंडात पानी घालत्यात. वृषालीनं फ्रीज उघडला. आत औषधाचा डबा आन त्याच्याशेजारी तांब्या, कालच आत्यानं भरलेला, भाईरनं दवं आलेलं. तो घिऊन ती आक्काबाईसमोर उभी राहिली. म्हनली, "मावशी, आईंनी तुमच्यासाठी भरून ठिवलाय."

बायका रडायच्या थांबल्या. समद्यांला ठावं हुतं.

आक्काबाईनं तांब्या हातात घेतला. दोन्ही हातांनी घेतला. वृषालीला वाटलं, आता तोंडाला लावंल. आक्काबाईचे ओठ हलले बी. मंग ती सरकत सरकत मयतापाशी गेली, वाकली, आन वरनं, शिवू न देता, धार सोडली आत्याच्या तोंडात.

"पी माझे बाई. पी."

आडावर सोडायची तशीच. पानी गालावरनं उशीवर गेलं. आत्याला आता वरनं खाली आलेलं पानी घशाखाली उतरत नव्हतं.

तांब्या खाली ठिवून आक्काबाईनं पदराला हात पुसला. आबासाहेब कानाशी आला. "आई, सुईची येळ टळली."

"हितं नको. सुतकाचं घर हाय. डबा घिऊन चल, घरी दिऊ."

वृषाली म्हनली, "आमच्यात सुतक न्हाई धरत, मावशी."

"तुमच्यात नसंल," आक्काबाई डोळे पुसत म्हनली, "आमच्यात हाय ना बाई."

ह्या येळंला कारन खरं हुतं. खोटं बोलायची बी गरज पडली न्हाई.

आबासाहेबानं आपल्या हातानं फ्रीज उघडला, डबा काढला, दार लावलं. आईला धरून घिऊन गेला. मंग आत्याला उचलली.

समदी गेल्यावर वृषाली परत आत आली. तांब्यात निम्मं पानी उरलं हुतं. तिनं तो तोंडाला लावला आन उभ्यानं, घटाघटा, समदं प्याली. मंग तांब्या घासला, भरला, आन फ्रीजात न ठिवता स्वैपाकघरातल्या मधल्या फळीवर ठिवला, बाकीच्या भांड्यांबरूबर.